गुळाचा रंग आणि डोळ्यांची साक्ष

किराण्याच्या दुकानांत गुळाच्या दोन ढेपा शेजारीं शेजारीं मांडलेल्या असाव्यात, एक केशरी छटेची पिंवळी आणि दुसरी काळपट तांबूस. म्हणजे एकाच घरांतील दोन गिऱ्हाइकांचे हात दोन दिशांना कसे जातात हें पाहावयास मिळतें. सासूबाई पिंवळ्या ढेपेकडे बोट दाखवितात. कारण उजळ गूळ तोच स्वच्छ, असें त्यांनीं लहानपणापासून ऐकलेलें असतें. सूनबाई काळी ढेप मागतात. कारण काळा तोच निर्भेळ, असें त्यांनीं अलीकडे ऐकलेलें असतें. मतें परस्परविरुद्ध, परंतु दोघींचा पुरावा मात्र एकच, आणि तो म्हणजे रंग. न्यायालयांत साक्षीदार उभा राहिला म्हणजे त्याची उलटतपासणी होते. गुळाच्या रंगाची अशी तपासणी क्वचितच कोणी करतें. ती करावयाची तर कोल्हापूरच्या शाहूपुरीइतकें योग्य ठिकाण दुसरें नाहीं. कारण या पेठेंत वर्षानुवर्षें या एका साक्षीदाराच्या बोलण्यावर शेतकऱ्याच्या सबंध हंगामाचें मोल ठरत आलें.

कोल्हापूर ही पंचगंगेच्या कांठची जुनी राजधानी. नदीकांठच्या गाळाच्या जमिनींत ऊंस चांगला पिकतो. परंतु पिकलेला माल दूरच्या गिऱ्हाइकापर्यंत पोंचण्यास वाट पाहिजे. पूर्वीं ती वाट म्हणजे घाट उतरून कोंकणांतील बंदरांकडे जाणारा बैलगाड्यांचा रस्ता. १८९१ सालीं मिरजेहून कोल्हापुरापर्यंत लोहमार्ग आला आणि ही स्थिति पालटली. १८९४ सालीं राज्याचा कारभार शाहू छत्रपतींच्या हातीं आला व पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८९५ मध्यें, जुन्या शहराच्या पूर्वेस, स्टेशनाच्या लगत, शाहूपुरी ही नवी व्यापारपेठ वसली. आगगाडी, अडत्यांचीं दुकानें आणि मालाचीं कोठारें एके ठिकाणीं आलीं, आणि गुळाचा बाजार हें या पेठेचें भूषण ठरलें. भोगावती नदीवर राधानगरीचें धरण बांधण्याचें कामहि याच राजाच्या कारकीर्दींत हातीं घेण्यांत आलें. तें पुरें झालेलें पाहणें त्याच्या नशिबीं नव्हतें. १९२२ सालीं त्याचा अंत झाला. परंतु पाणी, ऊंस, गूळ, पेठ आणि आगगाडी अशी जी सांखळी त्यानें जोडली, तिच्यामुळें कोल्हापुरी गुळाचें नांव गुजराथेपर्यंत जाऊन पोंचलें. गुळाचा बाजार कालांतरानें शाहू मार्केट यार्डांत गेला, तरी दिवाळीच्या पाडव्यास मुहूर्ताचा सौदा काढण्याची चाल टिकून राहिली.

आतां व्यापाऱ्याची अडचण लक्षांत घ्यावी. सौद्याला शेंकडों रवे मांडलेले. प्रत्येक रवा फोडून चाखणें शक्य नाहीं आणि प्रत्येकाचें रासायनिक पृथक्करण करणें त्याहून अशक्य. कांहीं रव्यांची कणी पाहावयाची, कठीणपणा नखानें अजमावावयाचा, आणि बाकीचें काम डोळ्यांवर सोपवावयाचें. दूरच्या गिऱ्हाइकासहि उजळ मालच अधिक आवडे. यामुळें पिंवळ्याला चढता भाव व काळ्याला उतरता भाव, हा बाजाराचा अलिखित नियम होऊन बसला.

हा नियम मुळांत अडाणीपणाचा होता असें मात्र म्हणतां येणार नाहीं. रंगाच्या साक्षीला एके काळीं खरोखरच अर्थ होता. तो कोणता, हें कळण्यासाठीं गुऱ्हाळांत डोकावलें पाहिजे.

चरकांतून निघालेला उंसाचा रस हा केवळ गोड पाणी नव्हे. त्यांत पाणी सुमारें ऐंशीं टक्के व साखर साधारणपणें बारा ते अठरा टक्के असते. यांखेरीज क्षार, आम्लें, प्रथिनें, मेण, डिंकासारखे चिकट पदार्थ आणि उंसाच्या सालीचा बारीक चुरा त्यांत मिसळलेला असतो. हा रस तसाच आटवावा तर गडद, चिकट आणि मातकट चवीचा गोळा तयार होईल. म्हणून काहिलीखालीं जाळ लागला कीं गुळव्याचें पहिलें काम मळी काढण्याचें. त्यासाठीं रानभेंडीचीं झाडें ठेंचून पाण्यांत भिजविलेलीं असतात. त्यांचा बुळबुळीत रस काहिलींत ओतला कीं थोड्याच वेळांत काळपट फेंस वर येऊं लागतो, आणि झाऱ्यानें तो काढून टाकतात.

भेंडीनें रस कसा स्वच्छ होतो, हा प्रश्न शाळकरी मुलानेंहि विचारावा असा आहे. गढूळ पाण्यांत तुरटी फिरविली कीं मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटतात व जड होऊन तळाशीं बसतात, हें घरोघरीं ठाऊक आहे. भेंडीच्या बुळबुळींत लांबच लांब सांखळीसारखे रेणु असतात. उष्णतेनें साखळलेलीं प्रथिनें व रसांतील कचरा या सांखळ्यांच्या जाळ्यांत अडकतो. तुरटीच्या पाण्यांत जाळें खालीं बसतें. येथें उकळी फुटत असल्यामुळें वाफेचे व हवेचे बुडबुडे त्यांत अडकतात आणि तें वर तरंगतें. इतकाच काय तो फरक. ज्यानें ही युक्ति प्रथम काढली त्याला रेणूंची वार्ताहि नव्हती. परंतु निरीक्षण अचूक होतें.

दुसरा मदतनीस चुना. उंसाचा ताजा रस किंचित् आंबट, म्हणजे आम्लधर्मी असतो. आम्ल आणि उष्णता एकत्र आलीं म्हणजे उंसांतील साखरेचा प्रत्येक रेणु फुटून त्याच्या दोन साध्या साखरा होतात, एक ग्लुकोज व दुसरी फ्रुक्टोज. या साध्या साखरांना गोडी आहे, पण त्यांचे कण सहजासहजीं धरत नाहींत. शिवाय त्या हवेंतील ओलावा शोषून घेतात. त्यांचें प्रमाण वाढलें कीं रवा बसत नाहीं. चुन्याची निवळी बेतानें घातली म्हणजे आम्ल मारलें जातें, साखर फुटण्याचें थांबतें आणि कांहीं कचराहि साखळून वर येतो. ऊंस तोडून दोन तीन दिवस पडून राहिला, तो लोळलेला किंवा किडलेला असला, अथवा खारवट जमिनींतला असला, तर गुळव्यानें कितीहि शिकस्त केली तरी गूळ मऊच राहतो. अशा वेळीं आधण बिघडल्याचा दोष दृष्टीवर किंवा कोणाच्या हातगुणावर टाकणें सोपें असतें. खरा दोष फडांत नाहीं तर जमिनींत असतो.

शेवटची कसोटी उष्णतेची. पाणी आटत जातें तसतसा रसाचा उत्कलनबिंदु वर चढतो. सुमारें १०५ अंश सेल्सियसला काकवी होते आणि ११८ अंशांच्या आसपास गूळ होतो. या दोहोंच्या पलीकडे चार दोन अंश गेलें कीं साखर करपते. गुळव्याजवळ उष्णतामापक नसे. तो थंड पाण्यांत बोटें बुडवून काहिलींतील कढता पाक चिमटींत उचली, पाण्यांत टाकून त्याची गोळी वळी, आणि ती गोळी कशी वळते व आपटल्यावर कशी वाजते यावरून काहील उतरविण्याची आज्ञा देई. ती आज्ञा अर्धी घटका चुकली तर दिवसभराच्या श्रमाचा कोळसा व्हावयाचा. मग पाक वाफ्यांत ओतून घोटावयाचा व साच्यांत भरावयाचा. शंभर किलो उंसापासून दहा ते बारा किलो गूळ हातीं लागे.

एवढें सर्व पाहिलें म्हणजे रंगाच्या साक्षीचें मर्म कळतें. ऊंस ताजा, काहील घांसलेली, मळी वेळच्या वेळीं काढलेली, चुना बेताचा आणि जाळ आटोक्यांत. इतकीं कामें नीट झालीं तर गूळ आपोआप उजळ होई. उजळ रंग हा गुण नव्हता, गुणाची खूण होती. घरांतील गृहिणी व पेठेंतील व्यापारी यांनीं खुणेलाच गुण मानलें, आणि येथें गैरसमजाचें बीज पडलें.

रंगावरून शुद्धाशुद्ध ठरविण्याची खोड एकट्या गुळापुरती नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपांतील बीटची साखर व मॉरिशस, जावा इकडील साखर हिंदुस्थानांत मोठ्या प्रमाणावर येऊं लागली. ती पांढरी शुभ्र साखर पाहून कांहीं लोक मोहित झाले आणि कांहीं बिचकले. १९०५ सालच्या स्वदेशी चळवळींत परदेशी साखरेवर बहिष्कार पडला तेव्हां, ही साखर हाडांनीं शुभ्र केलेली असते, असा प्रचार जोरांत झाला. ही निव्वळ कंडी नव्हती. युरोपांतील शुद्धीकरणाच्या कारखान्यांत जाळलेल्या हाडांचा कोळसा रंग शोषून घेण्यासाठीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून वापरीत असत, आणि त्याहि पूर्वीं रस निवळण्यासाठीं बैलाचें रक्त वापरल्याचे दाखले आहेत. परंतु त्यावरून पांढरी साखर ती सर्व हाडांची, हा जो सिद्धांत निघाला तो मात्र खोटा. १९३२ सालीं साखरधंद्यास संरक्षण देणारा कायदा झाल्यावर देशांत जे कारखाने भराभर निघाले, त्यांनीं बहुतेक ठिकाणीं चुना आणि गंधकाचा धूर यांची पद्धत स्वीकारली. कोल्हापूरजवळील कसबा बावड्याचा कारखाना याच काळांतला. गंधक जाळून निघणारा वायु रसांत सोडला म्हणजे रंग फिका पडतो. तेथें हाडांचें काम उरलें नाहीं. पण हाडांची समजूत पुढें कित्येक पिढ्या टिकली.

गंधकाचा हा उल्लेख लक्षांत ठेवण्याजोगा आहे. कारण पुढें तोच गुऱ्हाळांत शिरला. बाजार गुणाला नव्हे तर रंगाला पैसे देतो, हें उमगल्यावर कोणी ना कोणी रंग तयार करण्याची सोपी वाट शोधणारच. ती वाट सोडियम हायड्रोसल्फाइट या पांढऱ्या भुकटीच्या रूपानें सांपडली. गुऱ्हाळांवर तिला नुसतें हायड्रॉस म्हणतात. चिमूटभर भुकटी कढत्या रसांत पडली कीं रंगद्रव्यांतील प्राणवायूचा अंश ती हिरावून घेते आणि काळपट पाक पाहतां पाहतां पिंवळा होतो. मळी काढण्यांतील हयगय, शिळा ऊंस, करपलेला तळ, सारें कांहीं तिच्या पडद्याआड झांकलें जातें. उजळ रंग हा स्वच्छतेचा साक्षीदार होता, तो असा फितूर झाला.

ही फितुरी फार काळ लपत नाहीं, हा त्यांतला गमतीचा भाग. भुकटीनें रंगद्रव्य नष्ट होत नाहीं, त्याचें केवळ रूप पालटतें. हवेंतील प्राणवायु लागतां लागतां रंग पुन्हां उमटूं लागतो. शिवाय गुळांतील साध्या साखरा व प्रथिनांचे अंश यांची आपसांत संथ क्रिया चालूच असते आणि तिच्यामुळें कोणताहि गूळ साठवणींत हळूहळू काळवंडतो. पाव भाजतांना त्याची कड ज्या क्रियेनें तांबूस होते तीच ही क्रिया. १९१२ सालीं मेलार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञानें तिचें वर्णन केलें. दिवाळींत सोन्यासारखा दिसलेला गूळ होळीपर्यंत मलूल झाला म्हणजे गृहिणी दुकानदारास दोष देते. वास्तविक तिनें विकत घेतलेला रंगच अल्पायुषी होता. खाद्यपदार्थांत गंधकाचा अंश किती असावा याला कायद्यानें मर्यादा घातली आहे. त्या मर्यादेपलीकडचा अंश दमेकऱ्यांसारख्या कांहीं प्रकृतींना बाधतो. साखरेंतील रसायन नको म्हणून पिंवळ्याधमक गुळाकडे वळलेलें कुटुंब पुष्कळदां तेंच गंधक दुसऱ्या वाटेनें घरांत आणीत असतें.

ही गोष्ट सुशिक्षित घरांत पोंचली तेव्हां दुसरी समजूत जन्मास आली: पिंवळा वाईट, म्हणून काळा चांगला. तर्कशास्त्राच्या प्राथमिक विद्यार्थ्यासहि यांतील चूक दिसावी. भुकटी न घातलेला गूळ तांबूस असतो हें खरें; परंतु तांबूस दिसणारा प्रत्येक गूळ सुबक हातचा असतो असें त्यावरून निघत नाहीं. मळी नीट काढली नाहीं तर गूळ काळा होतो. तळ करपला तर काळा होतो. ऊंस शिळा असला तर काळा होतो. काहिलीचें लोखंड रसांत उतरलें तर काळा होतो. चुना अधिक पडला तरीहि काळा होतो. कारण चुन्याच्या तीव्र क्षारांत साध्या साखरा फुटून काळसर द्रव्यें बनतात. म्हणजे काळा रंग प्रामाणिकपणाची खूण असूं शकतो, तशीच आळसाचीहि असूं शकते. शिवाय ज्या रंगाला मागणी येते तो रंग पुरविणारे निघतातच. जुन्या काळपट गुळांत किंवा रसांत स्वस्त साखर मिसळून रवे पाडल्याचे प्रकारहि अलीकडच्या काळांत उघडकीस आलेले आहेत. डोळ्यांनीं एका साक्षीदाराला काढून दुसऱ्याला उभें केलें; तपासणी मात्र पूर्वींइतकीच राहिली.

गुळाविषयीं घरोघरीं विचारले जाणारे आणखी कांहीं प्रश्न याच ओघांत सुटतात. पावसाळ्यांत डब्यांतील गुळाला पाणी कां सुटतें? साध्या साखरा, विशेषतः फ्रुक्टोज, आणि क्षार हवेंतील ओलावा ओढून घेतात म्हणून. ज्या गुळांत त्या अधिक, तो लवकर पाझरतो. म्हणून घट्ट झांकणाचा कोरडा डबा हाच उपाय. गुळाचा चहा कां फाटतो? गुळांत थोडें आम्ल व क्षार असतात. दुधांतील केसिन हें प्रथिन थंडपणीं इतक्या अल्प आम्लाला दाद देत नाहीं. उकळत्या चहांत मात्र तेवढ्यानेंहि तें साखळतें. चुना कमी पडलेल्या गुळानें चहा अधिक नासतो व बेताचा चुना लागलेल्या गुळानें तो टिकतो. तेव्हां चहा फाटला म्हणजे गुळांत भेसळ आहे, ही समजूत निराधार होय. भांडें चुलीवरून उतरवून किंचित् निवूं द्यावें आणि मग दूध घालावें, म्हणजे बहुधा काम भागतें.

गूळ उष्ण व साखर थंड, असेंहि म्हणतात. वैद्यकशास्त्रांतील उष्ण हा शब्द पदार्थाच्या गुणधर्माविषयीं आहे, तापमानाविषयीं नव्हे. आधुनिक मापानें पाहिलें तर शंभर ग्रॅम साखरेपासून सुमारें ४०० आणि तितक्याच गुळापासून सुमारें ३८० उष्मांक मिळतात. म्हणजे शरीरांत निर्माण होणारी उष्णता जवळजवळ सारखीच. याहून घातक समजूत मधुमेहाविषयींची. साखर वर्ज्य पण गूळ चालतो, असें सांगून पुष्कळ वृद्ध मंडळी आपली व आपल्या मुलांची फसवणूक करतात. गुळांतील पासष्ट ते पंचाऐंशीं टक्के भाग तीच उंसाची साखर असते, आणि उरलेल्यांतहि साध्या साखरा असतात. पोटांत गेल्यावर आंतड्याला काहिलीचा इतिहास कळत नाहीं. रक्तांतील साखर दोहोंनींहि चढते. गुळांत लोह व क्षार आहेत हें खरें, पण त्यांचें प्रमाण नमुन्यागणिक फार बदलतें. एका खड्यानें पंडुरोग हटेल अशी आशा धरूं नये. गूळ खावा तो त्याच्या चवीसाठीं. पुरणपोळीला जो स्वाद गूळ देतो तो साखर देऊं शकत नाहीं, आणि त्याचें कारण शुद्ध साखरेंत नसलेलें जें थोडेंसें इतर द्रव्य गुळांत राहतें, तेंच होय. एका अर्थानें गुळाची गोडी साखरेची आहे, पण गूळपणा तिच्याखेरीजच्या अंशाचा आहे. तोच अंश रंगहि देतो. रंग संपूर्ण घालवूं पाहणारा गुळाचें गूळपणच घालवूं पाहतो.

मग गिऱ्हाइकानें पारख करावी तरी कशी? घरच्या घरीं होण्याजोग्या दोन चार गोष्टी आहेत. खडा पेल्याभर पाण्यांत विरघळवावा. तळाशीं पांढरा चुरा बसला तर खडूसारख्या भेसळीचा संशय घ्यावा, आणि काळा गाळ बसला तर मळी नीट काढली नाहीं असें समजावें. तुकडा फोडून कणी पाहावी. चव घ्यावी, खारट लागला तर जमीन खारवट किंवा गूळ सदोष, आणि कडवट लागला तर तळ करपलेला. गंधकाचें प्रमाण मात्र जिभेला किंवा डोळ्याला कळत नाहीं. तें प्रयोगशाळेंतच कळतें. जेथें इंद्रियांची धांव संपते तेथें तपासणीचा दाखला मागणें, यालाच शास्त्रीय दृष्टि म्हणतात.

कोल्हापुरी गुळाला २०१४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें; म्हणजे या नांवानें विकला जाणारा माल याच मुलखांतला असावा, असें कायद्यानें मान्य झालें. परंतु मुलखाचें नांव कायद्यानें राखलें तरी गुळव्याचें कसब कायद्यानें राखतां येत नाहीं. साखर कारखान्यांकडे ऊंस वळल्यापासून गुऱ्हाळांची संख्या घटत गेली आहे. जीं चालू आहेत त्यांपैकीं एखाद्यावर शेतकरी ताजा ऊंस आणतो, भेंडी ठेंचतो, मळी काढण्यांत वेळ घालवितो आणि भुकटीला हात लावीत नाहीं. त्याचा रवा सौद्यांत येतो तेव्हां तो मधल्या रंगाचा असतो, ना सोन्यासारखा पिंवळा, ना कोळशासारखा काळा. त्याच्या शेजारीं भुकटीचा झळझळीत रवा ठेवलेला असतो. बोली कोणावर चढेल हें शेवटीं दूरच्या शहरांतील स्वयंपाकघरांत ठरतें. कारण जो रंग तेथें मागितला जातो तोच व्यापारी येथें उचलतो. संक्रांतीचा तिळगूळ करण्यास बसलेल्या सासूसुनांनीं यंदा दुकानदाराला रंगाऐवजीं एवढेंच विचारावें, गूळ कोणत्या गुऱ्हाळाचा आणि त्याची तपासणी झाली आहे काय? दुकानदार पहिल्यांदा गोंधळेल. पण हाच प्रश्न दहा गिऱ्हाइकांनीं विचारला तर अकराव्यासाठीं तो उत्तर शोधून ठेवील, आणि त्या उत्तराची वाट मधल्या रंगाचा तो रवा आणणारा शेतकरी फार दिवसांपासून पाहत आहे.